रुग्ण क्रमांक चार

८ जानेवारी

ती. स्व. अक्का हिस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र आणि सोबत माझंच मागचं पत्र, लाल शाईने तपासलेलं, दोन्ही मिळाली. छापखान्यातली मुद्रितं तपासायची नोकरी सुटून सहा वर्षं झाली, तरी तुझा हात थांबत नाही. अकरा चुका काढल्यास, त्यातल्या दोन मला मान्य नाहीत. अक्षराचं म्हणशील तर पेन बदलायला झालंय, एवढंच.

इकडे तुझ्या लाडक्या भाचीने घर डोक्यावर घेतलंय. देशभरातल्या मेंदूच्या आणि नसांच्या डॉक्टरांची जी संघटना आहे, तिची वार्षिक परिषद यंदा इथे भरते आहे आणि चिटणीसपद टिल्लीच्या गळ्यात पडलंय. बाराशे डॉक्टर येणार. जेवायच्या टेबलावर बिल्ले, पिशव्या आणि वेळापत्रकं. माझं ताट सध्या शिलाई मशीनवर असतं.

काल ती म्हणाली, की दोन नंबरच्या सभागृहात वेळ पाळायला बसाल का? प्रत्येक वक्त्याला दहा मिनिटं, संपली की घंटी वाजवायची. डॉक्टर मंडळी एकमेकांना थांबवत नाहीत म्हणे, भीड पडते. चाळीस वर्षं लोकांची घड्याळं दुरुस्त केली, भीड कसली पडतेय मला? मी लगेच हो म्हटलं.

दुकान का बंद केलं म्हणून तू पुन्हा विचारलंयस. अगं, कंटाळा आला. लोक हल्ली मोबाइलमध्ये वेळ बघतात. यात जास्त काही नाही.

लोभ आहेच, तो लाल शाईने खोडू नये.

तुझा,
धाकटा


१५ जानेवारी

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

स्वतःच्या लग्नाच्या दिवशी सकाळी जो शेजाऱ्याचं गजराचं घड्याळ उघडून बसला होता, त्याला घड्याळांचा कंटाळा आला, हे मी वाचलं. दोनदा वाचलं. पटलं नाही.

या पत्रात फक्त चार चुका आहेत, पण तुझा ‘द’ कुठला आणि ‘ढ’ कुठला ते मला भिंग घेऊन बघावं लागलं. पेन नवं घे. नव्या पेनानेही असंच आलं, तर मला खरं काय ते कळव.

घंटी वाजवताना समोर कोण आहे ते बघत जा. तुला एकदा घड्याळ दिसलं की माणूस दिसत नाही. टिल्लीला म्हणावं, आत्या कौतुक करते आहे, पण वेळेवर जेव. तिच्या परिषदेत मेंदूवर बाराशे माणसं बोलतील आणि तिच्या पोटाकडे कुणी बघणार नाही.

माया कमी झालेली नाही, विश्वास मात्र थोडा कमी झालाय.

अक्का


२ फेब्रुवारी

ती. स्व. अक्का हिस,
सा. न. वि. वि.

परिषद पार पडली. पहिल्या दिवशी मी नवा शर्ट घालून, माझं जुनं चावीचं घड्याळ पुढ्यात ठेवून बसलो. सभागृहाच्या भिंतीवरचं घड्याळ चार मिनिटं मागे होतं, ते मी आधीच उतरवून ठेवलं. सकाळभर सगळं झकास चाललं. आठ वक्ते दहा मिनिटांत गप्प केले. एक जण तर घंटीच्या धाकाने सातव्या मिनिटालाच खाली उतरला.

मग एक धिप्पाड गृहस्थ बोलायला उभे राहिले. ज्ञानाला सीमा नसते, असं म्हणून त्यांनी श्वास घेतला आणि तेवढ्यात दहा मिनिटं झाली. मी वाजवली. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि पुढे बोलू लागले, म्हणून मी पुन्हा वाजवली, जरा जोरात. लोक इतके हसले की ते खालीच बसले. ते संघटनेचे अध्यक्ष होते, हे मला नंतर कळलं. तुझं पत्र खिशात होतं, पण आठवायला उशीर झाला.

टिल्लीने येऊन फार गोड आवाजात सांगितलं, की बाबा, तुम्ही दमला असाल, आता आराम करा. मी घंटी सुपूर्द केली आणि शेजारच्या दालनात गेलो. तिथे एका रांगेत पाच खुर्च्या होत्या, चौथी रिकामी होती. बसलो. एका मुलीने येऊन माझ्या गळ्यात चार नंबरचा बिल्ला अडकवला. मला वाटलं, जेवणाचा नंबर.

तेवढ्यात तीन तरुण डॉक्टर आले आणि मला जीभ काढायला सांगितली. मी काढली. दात दाखवायला सांगितले, डोळे मिटून नाकाला बोट लावायला सांगितलं. शंभरातून सात-सात वजा करायला लावले, तर मी दोनावर पोचलो तरी ते बिचारे शहाऐंशीवरच होते. एकाने गुडघ्यावर हातोडी मारली. मला वाटलं, मेंदूवाल्यांची पाहुण्यांचं स्वागत करायची हीच रीत असेल, आपण कशाला विचारा! मग एकाने सांगितलं की मला लहानसा झटका येऊन गेलाय, दुसऱ्याने मान दुखत असणार म्हटलं, तिसऱ्याच्या मते मी ठणठणीत होतो. तेव्हा कुठे लक्षात आलं, की तो तरुण डॉक्टरांना तपासणी शिकवायचा वर्ग होता आणि खरा चार नंबरचा रुग्ण चहा प्यायला गेला होता.

शेवटी एक मोठ्या डॉक्टरीणबाई आल्या, त्यांनी काहीतरी किरकोळ बघितलं. बाकी क्षेम.

आठवण ठेवावी, चुका माफ कराव्या.

धाकटा


३ फेब्रुवारी

ती. स्व. आत्या,
सा. न. वि. वि.

बाबांनी तुला पत्र टाकलंय आणि त्यात खरं लिहिलेलं नसणार, म्हणून हे लिहिते आहे. घाबरू नकोस, शेवट चांगला आहे.

मी त्यांना जेवायला शोधत त्या दालनात गेले, तर वर्गाला जमलेल्या साठ डॉक्टरांसमोर रुग्णाच्या खुर्चीत माझे बाबा. आमच्या जुन्या मॅडम त्यांच्यापुढे बसल्या होत्या. ज्यांनी मला शिकवलं, त्या. त्यांनी बाबांना अंगठा आणि तर्जनीत एक कागद घट्ट धरायला सांगितला आणि हलकेच ओढला. तो निसटला. पुन्हा धरला, पुन्हा निसटला. अंगठा आपोआप वाकत होता. मग मॅडमनी त्यांची बाही वर केली. कोपराला केवढा घट्टा पडलाय, आत्या! काय काम करता, हे कोपर किती वर्षं टेबलावर टेकवलं, असं त्यांनी विचारलं. बाबांनी चाळीस वर्षं म्हणून सांगितलं. करंगळी आणि शेजारचं बोट दीड वर्षापासून बधिर आहे, हेही सांगितलं. घड्याळाचे स्क्रू चिमटीतून पडायला लागले, म्हणून दुकान बंद केलं.

मॅडमनी विचारलं, घरात डॉक्टर नाही का कुणी? बाबा म्हणाले, “मुलगी याच आजारांची डॉक्टर आहे. पण माझ्या वडिलांचा हात थरथरायचा, शेवटी शेवटी मी त्यांना भरवायचो. मला वाटलं, तेच आलं. ते मला सांगायची वेळ माझ्याच पोरीवर येऊ नये.”

मी दाराशी उभी होते. हातात जेवणाची कुपनं होती, ती तशीच राहिली.

आजोबांचा आजार नाही तो, आत्या. कोपरात एक नस दबली आहे, एवढंच. काल यंत्रावर तपासणी करून खात्रीही केली. कोपर टेकवायचं बंद, झोपताना हाताला पट्टा, आणि तीन महिन्यांत फरक पडला नाही तर छोटी शस्त्रक्रिया. हात पूर्वीसारखा होईलच असं मॅडम म्हणत नाहीत, पण स्क्रू धरता येईल म्हणतात. मी मात्र दीड वर्ष त्यांच्यासमोर बसून जेवले आणि त्यांचा हात बघितला नाही. हे तुझ्याशिवाय कुणाला लिहू?

अध्यक्षांनी बाबांना मिठी मारली आणि पुढच्या वर्षी उद्घाटनालाच घंटीवर बसवा म्हणाले.

तुझी माया अशीच राहू दे.

टिल्ली


११ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

किरकोळ म्हणे! शब्दाचा अर्थ माहीत नसेल तर वापरू नये. दादांना तू भरवायचास तेव्हा मी शेजारी पाण्याचा पेला धरून असायचे, हे तू विसरलास. ती भीती तुझ्या एकट्याच्या मालकीची होती का? दीड वर्ष एकटा कुढत बसलास. मूर्ख आहेस. टिल्लीला मी निराळं लिहिलंय, की डॉक्टरला घरात बाप दिसतो, रुग्ण दिसत नाही, तेव्हा तिने स्वतःला बोल लावू नये.

दुकान उघड. कोपराखाली उशी घे, नाही तर उभा राहून काम कर.

आता एक गोष्ट, आणि ती तुझ्यातच ठेव. माझा डावा तळपाय वर्षभर बधिर आहे. कापसावर चालल्यासारखं वाटतं. दोनदा मी बाजारातून एकाच चपलेने घरी आले, दुसरी कुठे निसटली ते कळलंच नाही. शेजारीण समजते मी विसरभोळी झाले, आणि मी तिला तसं समजू देते. मला वयाचंच वाटतं. टिल्लीच्या मागे आधीच खूप आहे, तिला यातलं अक्षरही सांगू नकोस.

आशीर्वाद नेहमीचेच, या खेपेला रागासकट.

अक्का


१६ फेब्रुवारी

ती. स्व. अक्का हिस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र आलं तेव्हा टिल्ली शेजारीच बसून माझ्या हाताला पट्टा बांधत होती, म्हणून मी मोठ्याने वाचलं. तळपायापाशी थांबायला हवं होतं. थांबलो नाही. खरं सांगायचं तर मुद्दामच थांबलो नाही.

तिने गुरुवारची वेळ ठरवली आहे, मॅडमही येणार आहेत. बक्कलाच्या चपला घालून ये. राग आला असेल तर उत्तर लिहीत बसू नकोस, इथे येऊन रागाव. मी स्टेशनावर असेन.

तुझाच,
धाकटा