मिस्येच्या उशाशी आत्या

पेती राफ्रे, १ सप्टेंबर १९६२

'कुत्रंच तर आहे' म्हणताय? मग तोंड मिटा, आधी माझ्या आत्याला बघा. मिस्येचे मागचे पाय गेलेत. ती त्याची कूस बदलते, कोपरांना खोबरेल लावते, पेजेत बोट बुडवून त्याच्या जिभेवर ठेवते. तो गिळत नाही. ती तोंड पुसते, परत बोट बुडवते. चिडणं नाही, रडणं नाही. कॉलेजात हे कुणी कधी शिकवलं...

मिस्ये म्हणजे या बेटावरच्या फ्रेंच वळणाच्या बोलीत साहेब. नाव बांनी ठेवलेलं. "दिवसभर मळ्यावर मिस्येपुढं मान वाकवायची. घरात एक तरी मिस्ये आपलं ऐकंल."

२ सप्टें.

उद्या गणपती. बा म्हणाले, "ह्याला बाहेर हलव. देव बसल्यावर घरात मेला म्हंजे?"

आत्या थोरली बहीण. "हलवते. मीबी हलते."

गोणी, चटई, मिस्ये, सगळं गोठ्यात. वर बजावणं: "आता माझा हात नैवेद्याला नाय. मोदक तुमचे तुम्ही करा."

बा माझ्याकडं बघून, "की पू फेर?"

म्हणजे, काय करणार? नारळ खवायला बसलो.

३ सप्टें.

आत्या गोठ्यातनं शिकवतेय. "उकड मळा, बडवू नका." बांचे मोदक मुठीएवढे, तोंडं फाटलेली. शेवटी वैतागून एक बशीत घेतला, तिला दाखवायला गेले. नैवेद्य दाखवायचा राहिलेला, हे विसरूनच. ती बघतेय तोवर मिस्येनं मान उचलली, सारण चाटलं. गिळलं! कित्येक दिवसांत पहिल्यांदा.

देवाच्या आधी कुत्र्यानं. आरतीला आलेली माणसं गोठ्याशी जमली.

बा: "चला, एकाला तरी आवडला."

आत्या तोंडाला पदर लावून हसली. आम्ही परत उकड काढली.

४ सप्टें.

विसर्जन. दर साली मिरवणुकीच्या पुढं नदीपर्यंत मिस्ये. आज एक श्वास, मग नुसतं थांबणं, मग दुसरा.

बा मूर्ती डोक्यावर घेऊन निघाले, वाट सोडून गोठ्याशी थांबले. "येतीस?"

"मी पाठ फिरवली आन् हा गेला तर? एकटाच जाईल."

बांनी दारात गुडघे टेकून मूर्ती खाली आणली, हवी तितकी खाली. आत्याच्या नाही, मिस्येच्या डोळ्यांसमोर.

आता रस्त्यावरनं मला हाका, झांजा घेऊन ये म्हणून. गणपतीबरोबर सगळा गाव आहे. आत्याबरोबर कोण? झांजा ओट्यावर ठेवल्यात, ज्याला पाहिजे त्यानं घ्या. मला काही सांगू नका. मी गोठ्यात चाललो.