सुरतेची चोळी

तीर्थपुरी,
मार्च १९७३

प्रिय संपत,

अनेक आशीर्वाद. आधीच्या दोन पत्रांचं उत्तर आलं नाही, म्हणजे पत्ता तरी चुकला असेल नाहीतर तू तरी. या वेळी पत्ता पक्का आहे. आपल्या बाजारातला कापडवाला गाठी आणायला सुरतेला गेला होता, त्याला तू एका कापड-कटिंगच्या दुकानात दिसलास म्हणे. वाळलास, असं म्हणाला. तुझ्याशी बोलला का म्हणून विचारलं, तर गर्दी होती म्हणाला. मी पुढं खोदून विचारलं नाही. लेक जिवंत आहे, त्याच्या हातात कात्री आहे, एवढं कळलं आणि मला त्या रात्री झोप लागली.

इकडची खुशाली काय लिहू, तुमच्या तिकडं पेपरात येतच असेल. दुसरं वर्ष कोरडं गेलं. विहिरीत पोहरा टाकला की दगडाचा आवाज येतो. रेशनवर लाल मिलो मिळतो, अमेरिकेची ज्वारी. तिची भाकर थापताना फाटते आणि खाताना घशात अडते, पण मिळते हेच खूप. गावातले धडधाकट सगळे खडी फोडायला नाहीतर तलावाच्या कामावर आहेत. तिथं मजुरी मिळते, दुपारी खायला सुकडी मिळते. मीही गेलो होतो, हसू नकोस. जन्मभर मांडी घालून बसलेला माणूस हातोडा घेऊन उभा राहिला, तर मुकादमानं दुपारच्या आतच घरी पाठवलं. चांगला माणूस, सुकडी मात्र देऊन पाठवलं. ‘‘अण्णा, तुम्ही सुई धरा, हे तुमचं काम न्हाई,’’ म्हणाला. सुई धरायला मी तयार आहे रे, पण दुष्काळात नवं कापड कोण शिवतं? आहे त्यालाच ठिगळ लावतात, आणि ठिगळ बायका घरीच लावतात. त्यात उजव्या डोळ्यात मोतीबिंदू. हे पत्र एवढ्या मोठ्या अक्षरात का, ते तुझ्या ध्यानात आलंच असेल.

तुझ्या आईचं तुला माहीत नाही. मागच्या पोळ्याच्या सुमाराला चुलीपुढं बसल्या बसल्या कलली. उजवं अंग गेलं. आता बाजेवर असते. जीभ मात्र शाबूत आहे, देवाची कृपा म्हण किंवा माझं नशीब म्हण. माझी भाकर कच्ची आहे, मी लुगडं उलटं वाळत घातलं, शेजारणीला दूध मागितलं म्हणजे नाक कापलं, असं दिवसभर चालू असतं. तिचं नाव सगुणा ठेवणारा भेटला पाहिजे. पण संध्याकाळी मी तिचे पाय चेपायला बसलो की गप्प होते. मंग हळूच विचारते, ‘‘संपतची मनीऑर्डर आली का हो?’’

आता हे तुला सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही, म्हणून सांगतो. तुझे पैसे यायचे बंद झाले, त्याला दोन वर्षं होऊन गेली. पहिल्या महिन्यात ती दारात बसून राहिली. दुसऱ्या महिन्यात जेवण कमी केलं. तिसऱ्या महिन्यात मी पोस्टाकडून येताना शिलाईचे पैसे तिच्या हातावर ठेवले आणि म्हणालो, घे, तुझ्या लेकाचे. संपत, तिनं त्या नोटा कपाळाला लावल्या, देवापुढं ठेवल्या आणि त्या दिवशी दोन भाकरी खाल्ल्या. तेव्हापासून तुझी मनीऑर्डर दर महिन्याला बराबर येते. आपल्या पोस्टमन तातेरावला मी खरं काय ते सांगून, आईपुढं बोलू नको म्हटलं आहे. घरासमोरून जाताना तो आईला हाक मारून, ‘‘पोचले का पैशे, मावशी?’’ असं विचारून जातो. हे विचारणं त्यानं स्वतःच्या मनानं सुरू केलं, मी सांगितलं नव्हतं.

एकदा दिवाळीला मी उरल्यासुरल्या चिंध्यांतून तिच्यासाठी चोळी शिवली. पाठीला निळं, बाह्यांना जांभळं, चांगली जुळवून. सुरतेहून तुझ्याकडून आली म्हणून दिली. ती घालून सगळ्या आळीत मिरवली, तेव्हा चालत होती. आणि मला काय म्हणाली ठाऊक आहे? ‘‘बघा, शिवण कशी सफाईची असती. सुरतेचा शिंपी तुमच्यापरीस लाख पटीनं बरा.’’ चाळीस वर्षं या बाईच्या चोळ्या मी शिवल्या, त्याची ही पावती. मी मान खाली घालून म्हटलं, बिलकुल बरोबर आहे.

तर आता खरी बातमी. या दुष्काळात ज्यांना काम होत नाही आणि ज्यांना बघणारं कुणी नाही, अशा म्हाताऱ्याकोताऱ्यांना, पांगळ्यांना सरकार महिन्याला थोडी रोख मदत देतं. लोक तिला खैरात म्हणतात. मला तो शब्द आवडत नाही, पण शब्दानं पोट भरत नाही. रेशनचा मिलो घ्यायलासुद्धा पैसे लागतात आणि डॉक्टरनं तुझ्या आईला रोज पावशेर दूध सांगितलं आहे. तलाठ्याकडं गेलो. तो म्हणाला, अर्ज द्या. अर्ज दिला. मंग म्हणाला, वयाचा दाखला. माझ्या जन्माची नोंद कुणी केली असणार? नाव कडूबा ठेवलं ते जगावं म्हणून, दाखल्यासाठी नाही. शेवटी दवाखान्यातल्या डॉक्टरनं दात बघून वय लिहून दिलं, बैलाचं बघतात तसं. दोनदा अंबडला तहसील कचेरीत गेलो. एकदा साहेब कामांच्या पाहणीला गेले होते, एकदा कारकून म्हणाला, कागद इथं आला नाही, तलाठ्याकडंच आहे. तलाठी म्हणाला, कागद वर गेला. तो कागद दोघांच्या मधे कुठंतरी माझ्यासारखाच बसून असावा. कसाबसा निघाला आणि मागच्या आठवड्यात तलाठ्याच्या वरचे गिरदावर साहेब चौकशीला घरी आले.

मी त्यांना चावडीवरच गाठून सगळं सांगणार होतो. पण ते जीपमधून उतरले ते थेट दारातच. पंच म्हणून भिवा कोष्टी आणि आळीतले दोघं बोलावले. तातेरावही टपाल घेऊन नेमका तिथंच उभा. साहेब वाईट नव्हते. बाजेजवळ वाकून त्यांनी आईलाच विचारलं, आजीबाई, मुलगाबिलगा कुणी बघतो का? आणि संपत, जी बाई कुशीवर वळायला मला हाक मारते, ती डाव्या हातावर भार देऊन उठून बसली. पदर डोक्यावर घेतला. म्हणाली, ‘‘बघतो म्हंजी? आमचा संपत महिन्याच्या महिन्याला पैशे धाडतो, साहेब. आमाला काय कमी न्हाई.’’ मंग मला म्हणाली, गाठोड्यातली ती सुरतेची चोळी काढा. मी काढली. दुसरं काय करणार होतो? साहेबांनी ती हातात घेऊन बघितली आणि छान आहे म्हणाले.

मंग पंचांना विचारलं. आपल्या गावची रीत तुला ठाऊक आहे. परक्या माणसापुढं कुणाच्या लेकराबद्दल वावगा शब्द काढायचा नाही, आणि त्याच्या आईदेखत तर नाहीच. भिवा म्हणाला, ‘‘लई गुणाचं पोरगं, साहेब. आई-बापाला फुलासारखं जपतं.’’ दुसरा म्हणाला, असा लेक पंचक्रोशीत न्हाई. तिसऱ्यानं तर तू आम्हाला सुरतेला न्यायला आलास आणि आम्हीच नाही म्हणालो, असं सांगितलं. हे त्यानं कुठून काढलं, देव जाणे. तिघांनाही वाटत होतं की आपण कडूबाची अब्रू राखली. तातेराव आपल्या चपलांकडं बघत उभा होता. शेवटी साहेबांनी मला विचारलं, खरं आहे का? आई माझ्याकडं बघत होती. तिचं तोंड इतकं उजळलं होतं की बऱ्याच दिवसांत मी तसं पाहिलं नव्हतं. मी मान हलवली. हो म्हणालो.

जीप वेशीपाशी थांबली होती, तिथं मी धापा टाकत पोचलो आणि सगळं सांगितलं. साहेबांनी ऐकून घेतलं. म्हणाले, ‘‘बाबा, तुमची बाई सांगती, पंच सांगतात, तुमी स्वतः हो म्हणले. पंचनाम्यावर सह्या झाल्या. आता मी कुठल्या तोंडानं लिहू की मुलगा बघत न्हाई?’’ त्यांचंही चूक नाही. भिवाकडं गेलो, खरं सांग म्हटलं, तर तो रडवेला झाला. एकदा सही केल्यावर उलट सांगितलं तर पंचालाच खोटा धरतात म्हणाला. परवा तलाठ्यानं कळवलं, अर्ज नामंजूर. तुझी आई म्हणाली, बरं झालं, आपल्याला कशाला हवी खैरात, आपला संपत आहे. वर मलाच रागावली, की अर्ज दिलाच कशाला, लेकराच्या नावाला बट्टा.

मशीन विकलं, हे तुला सांगायचं राहिलं. परतूरचा एकजण घेऊन गेला. डोळ्यानं दिसत नाही, ओसरी अडते, असं तिला सांगितलं. संक्रांतीपासून तुझी मनीऑर्डर त्यातूनच येते. आता एकच महिना येईल. त्याच्या पुढं तू कुठून पैसे पाठवणार, या विचारानं माझं डोकं चालत नाही. तुझ्यावर राग नाही रे. होता, पण तू वाळलास हे ऐकलं आणि निघून गेला. माणूस उगाच वाळत नाही. तुझंही काही धड नसणार, आणि ते सांगायची तुला लाज वाटत असणार. अब्रूच्या बाबतीत तू आईवर गेलास.

म्हणून हे पत्र. पैसे मागत नाही. तलाठी म्हणाला, मुलाच्या हातचं लिहून आणलं तर कागद पुन्हा वर पाठवता येईल. तेव्हा एका कागदावर लिही की, मी संपत कडूबा, माझ्या आई-बापाला सांभाळत नाही, दोन वर्षांत काही पाठवलं नाही. खाली सही कर. लिहिताना वाईट वाटून घेऊ नकोस, ते फक्त सरकारसाठी आहे. तो कागद पाकिटात घालून तातेरावच्या नावावर पोस्टात पाठव, घरी नको. सोबत एक कोरं कार्ड ठेवलं आहे, त्यावर आपला पत्ता मीच घातला आहे. त्यावर आईला लिही की, मी मजेत आहे, पैसे नेहमीप्रमाणे पाठवतो आहे, चोळी जपून वापर. तातेराव तिला मोठ्यानं वाचून दाखवेल. पाकिटाला पैसे लागतील, ते नसले तर राहू दे. दोन्हींतलं एकच जमत असेल, तर कार्ड टाक.

तुझाच,
अण्णा