पंपाखालचं पॅकिंग

सोलापूर,
१८ नोव्हेंबर

प्रिय सोमशेखर,

माझं अक्षर ओळखून तू पाकीट न फोडताच फेकून देशील, म्हणून वरचा पत्ता आमच्या म्हाळसाबाईकडून लिहून घेतलाय. तुझा नातेपुत्याचा पत्ता तिच्याकडेच होता. कित्येक वर्षं ती आणि तुझी बसम्मा फोनवर बोलतात, हे मला परवा कळलं. एरवी मी यावरून घर डोक्यावर घेतलं असतं. या वेळी गप्प बसलो. का, ते पुढं येईलच.

डॉक्टरांची काळी गाडी माझ्याकडे आली आहे. तीच छप्पन सालची, जिच्यावरून आपली भागीदारी मोडली. डॉक्टर आता नाहीत. त्यांचा नातू प्रभु दिवाळीनंतर ती टोचन करून घेऊन आला. सव्वीस वर्षं शेडमध्ये कुलपात होती, यंदा त्यानं पुण्याला नेऊन क्रँक, बेअरिंग सगळं नवं करून घेतलं. तरी तेल नीट फिरत नाही. गाडी थंड असताना तेलाचा काटा ठीक उभा राहतो. पाच-सहा किलोमीटर झाले की काटा खाली बसतो आणि इंजिन वरून कोरडं वाजायला लागतं.

माझ्या मनात पहिला विचार आला तो गाडीचा नव्हे. सोलापुरात एवढी गॅरेजं असताना हा माझ्याच दारात का? मला वाटलं, तूच पाठवलंस. जुनं उकरून काढायला, चार लोकांत मला खाली बघायला लावायला. मी त्या पोराला फिरवून फिरवून तीनदा विचारलं, की नातेपुत्याला कधी गेला होतास का. शेवटी तो बिचारा म्हणाला, "काका, नातेपुतं कुठं आहे तेच मला माहीत नाही." तरी मी त्याचा फोन नंबर घेताना त्याचं तोंड निरखून बघत होतो.

मग संशय तेलावर. त्यांनी भरलेलं तेल काढलं, बोटांत चोळून पाहिलं, वास घेतला, नवं भरलं. काटा तसाच. मग पुण्याच्या मेकॅनिकवर. वाटलं, बेअरिंग नवं सांगून जुनंच घातलं असेल. खालचा तेलाचा चेंबर उतरवला, बेअरिंग पाहिलं तर चोख काम होतं. जाळीत गाळ असेल म्हणून जाळी काढली, तीही लख्ख. प्रेशरचा स्प्रिंग बदलला. तेलाच्या सगळ्या वाटांत तार घातली, हवा मारली. पाच दिवस गेले. पंप मात्र मी मुद्दाम शेवटी ठेवला होता. पुण्यात त्यांनी तो वरून ठीक दिसतो म्हणून हलवलाच नव्हता. आत काय निघणार याची मला खात्री होती, आणि खरं सांगतो, तेच निघावं असं वाटतही होतं. तू नवा पंप गायब करून जुना, झिजलेलाच पुढं केलास, हे मी सव्वीस वर्षं सांगत आलो होतो. आता पुरावा हातात येणार होता.

पंप सोडवला. आतले दाते कोरे, बोटाला कुठं ढिलेपणा लागेना. आणि बाजूला आपले तीन ठिपके. नव्या पार्टवर पंच मारून ठिपके करायची पद्धत तुझीच. मी तिथंही अडलो, म्हटलं नंतर येऊन मारले असतील. पण गाडी तर डॉक्टरांच्या कुलपात होती. जुन्या बाजारात तुला ऑइल पंप विकताना आपल्या ओळीतल्या कोंडीबानं पाहिलं होतं, तो गाडीतून काढलेला जुना पंप होता. तू तेव्हाही हेच सांगत होतास. मी ऐकून घेतलं नाही.

पंपाच्या तोंडाला कागदाचं पॅकिंग चिकटलेलं होतं, हातानं कापलेलं. तेल बाहेर पडायचं भोक अर्धंच कापलं होतं आणि उरलेल्या कागदानं वाट झाकली होती. थंड, जाड तेलावर इंजिनाचं कसंबसं भागायचं. तापून तेल पातळ झालं की पुरेनासं व्हायचं. त्या वर्षी पंप बदलल्यावर कुंभारीच्या अलीकडे इंजिन जाम होऊन गाडी बसली, ती या नखाएवढ्या कागदापायी.

मी तो कागद खिशात घातला. आजूबाजूला कुणी पाहिलं तर नाही ना, हेही बघितलं. आणि सोमशेखर, तेव्हासुद्धा माझ्या मनात हेच, की चोरी नसेल केली, पण पॅकिंग तर यानंच घाईनं कापलं. घरी येऊन म्हाळसाबाईला तसं सांगितलं. ती भाकरी थापत होती. मान वर न करता म्हणाली, "सोमशेखरदादा तवा अक्कलकोटला मेव्हण्याच्या लग्नाला गेल्ते की. पंप तुमी एकट्यानं बसवला. मी डबा घेऊन आल्ते, तर कागदावर हातोडी ठोकत बसला होता. त्यांना चोर म्हनलात तवाच मी हे सांगितलं व्हतं, तुमी माझ्यावरच खेकसला."

मला आठवलं. सगळं आठवलं. डॉक्टरांना सकाळी गाडी हवी होती आणि तू नव्हतास, म्हणून तुझ्यावर चिडत मी ते काम उरकलं होतं.

दुसऱ्या दिवशी नवं पॅकिंग कापलं. भोक चारदा तपासलं. गाडी तुळजापूरच्या घाटापर्यंत नेऊन आणली, काटा जागचा हलला नाही. परत आल्यावर वरचं झाकण काढलं तर तेल सगळीकडे पाझरून चकाकत होतं. प्रभु खूश होऊन माझ्या पाया पडायला वाकला. मी त्याला थांबवलं आणि दोष कुणाचा होता ते सांगितलं. मग आपल्या ओळीतल्या सगळ्या गॅरेजवाल्यांना चहाला बोलावून कागद दाखवला. कुणी म्हणालं, जाऊ द्या आता. कोंडीबा उठून गेला.

पण तुझ्या वडिलांना मी जे सांगितलं होतं, ते तिथं बसून फिटणारं नव्हतं. गॅरेजसाठी अक्कलकोट रोडची जागा ईरप्पाअण्णांनीच दिली होती, म्हणून मी तेव्हा कुंभारीला जाऊन त्यांच्या ओसरीवर तुला चोर म्हणालो होतो. त्यांनी तुला घराचं दार बंद केलं ते माझ्या शब्दावर. गुरुवारी मी परत तिथंच गेलो. ते आता अठ्ठ्याऐंशीचे आहेत, ऐकू फार कमी येतं. हळू सांगायला गेलो तर त्यांना कळेना. शेवटी ओरडून सांगावं लागलं, "सोमशेखर चोर नाही, चूक माझी होती!" तीन वेळा ओरडलो. गल्लीतले लोक दारात येऊन उभे राहिले. तुझ्या धाकट्या भावजयीनं डोळ्यांना पदर लावला.

अण्णांनी काठी जवळ ओढली. मला वाटलं, आता काठी उगारतील, उगारावी असंही वाटलं. मग त्यांनी माझं मनगट धरलं आणि कानडीत म्हणाले, "अवंग बा अंत हेळ." त्याला ये म्हणून सांग. मी हो म्हणालो, पण त्यांनी मनगट सोडलं नाही. पुन्हा तेच म्हणाले. महिन्यापासून त्यांचं जेवण तुटलंय, दवाखान्यातले डॉक्टर फार दिवसांची खात्री देत नाहीत. माझा फोन तू उचलणार नाहीस आणि दुसऱ्या कुणाच्या तोंडून हा निरोप पोचवायचा मला हक्क नाही, म्हणून हे पत्र. मला माफ कर असं मी यात कुठंही लिहिलेलं नाही, ते तुझं तू ठरव. मी समोर नको असेन तर तू तिथं असेपर्यंत कुंभारीत पाऊल टाकणार नाही. पण पत्र मिळाल्या दिवशीच निघ. ते ओसरीवर खाट टाकून रस्त्याकडे तोंड करून पडलेले असतात.

तुझाच म्हणवून घ्यायचा हक्क स्वतःच्या हातानं घालवलेला,
हरिबा