येतो म्हणावं

उंटरश्लाइसहाइम, जर्मनी

प्रिय सुकन्या,
थोरल्या बहिणीचे आशीर्वाद आधी घे, मग तक्रारी ऐक.

गौरांगने आम्हाला स्कॉटलंडला नेलं होतं. आयोना नावाचं एवढंसं पवित्र बेट, दिवसभरात पायी हिंडून झालं. माझी तब्येत उत्तम आहे. त्या वाऱ्यात पडले नाही, म्हणजे उत्तमच म्हणायची.

तिथे नन्सच्या मठाच्या पडक्या भिंती आहेत, आत नुसतं गवत. नेमकं तिथेच मला दगडावर बसवून चिरंजीव हळूच म्हणाले, "आई, पुण्याचा फ्लॅट माझ्या नावावर होता ना, तो मी विकलाय. आता तू जर्मनीतच राहा, आमच्याजवळ." कॉन्व्हेंटात शिकलेली आई अशा जागी आवाज चढवणार नाही, हे त्याला पक्कं ठाऊक. आणि खरंच, माझा आवाज चढला नाही. सिस्टरांनी लावलेली ती शिस्त चुलीत घालावीशी वाटली.

परतीच्या बोटीत स्पृहाने बेटाला हात हलवत "जातो हं" म्हटलं. माझी ही नात एरवी जर्मनमध्येच उत्तरं देते. सवयीने मी म्हणाले, "जातो नाही गं, येतो म्हणावं."

"पण आजी, आपण परत कुठे येणार आहोत?"

मी तिची कानटोपी नीट खाली ओढली.

तुझा गुडघा कसा आहे? माझ्या कुंड्यांना पाणी घालायला जातेस ना? त्या आता तुझ्याच घरी ने.

निघताना तुझ्या दारात मी "येते" म्हणाले होते. तेव्हा ते खोटं नव्हतं गं.

तुझी,
ताई