समुद्राचा वास

प्रिय चिमे,

परवा फोनवर म्हणालीस, आंबट-गोड काही नको, समुद्राचा वास हवाय, बाळंतपणाला घरीच येते. डोहाळेसुद्धा जगावेगळे तुझे! मी हसले, ये म्हणाले, आणि फोन ठेवल्यावर ओट्याला टेकून तशीच उभी राहिले. तोंडाने नाही म्हणवलं नाही, म्हणून लिहायला बसले.

तो वास आता इथे येत नाही. आधी वाटलं, माझंच नाक गेलं. डॉक्टरांनी तपासलं, नाक ठणठणीत. तू लहान असताना मला डबा द्यायला प्रयोगशाळेत यायचीस, तेव्हा समुद्राचं पाणी गाळून झालं की मी तुला गाळणकागद दाखवायचे, आठवतं? त्यावर हिरवट साय असायची. आता कागद कोराच्या कोरा निघतो. तो वास त्या सायीचाच होता ग. नुसत्या डोळ्यांना न दिसणारे ते जीव मरताना त्यांच्यातून एक वायू सुटायचा. हवेत त्याचे बारीक कण व्हायचे, त्यांना धरून पाण्याचे थेंब जमायचे, ढग व्हायचे. ढगांच्या सावलीत पाणी निवायचं आणि ते जीव पुन्हा वाढायचे. एकमेकांना सांभाळून चाललेला संसार होता तो. पण पाणी तापत गेलं, जीव घटले, ढग विरळ झाले, आणि आता ऊन थेट पाण्यावर पडून ते आणखीच तापतं. प्रयोगशाळेतले साहेब आलेख काढतात, मी पाणी गाळते.

तुझे बाबा बोटीवरून आले की मी नाक दाबून त्यांना जाकीट दाराबाहेर काढायला लावायचे. तुला तेच जाकीट पांघरून झोपायचं असायचं. दोघंही माझं ऐकाल तर शपथ.

दुपारी खिडकीच्या कडीला हात लावता येत नाही. समोरच्या मावशी पंख्याखाली बसल्या बसल्याच गेल्या. तुझ्या वेळच्या सुईणबाई मला मुद्दाम भेटायला आल्या होत्या. या उन्हात दिवस भरायच्या आधीच बायका बाळंत होतायत, आणि त्यातली सगळी बाळं काही घरी जात नाहीत, असं सांगत होत्या. जाताना माझा हात धरून म्हणाल्या, “लेकीला इथे बोलावू नकोस.”

म्हणून येऊ नकोस. माझं तिकीट काढ, मी येते. मला फार वाईट वाटतंय, पण येऊ नकोस.

पत्रासोबत बाबांचं जाकीट पाठवतेय. ते गेल्यापासून मी ते धुतलेलं नाही. पिशवीत घट्ट बांधून ठेवलं होतं. फार आठवण आली की गाठ सोडायचे, पण दर वेळी वास थोडा कमी व्हायचा, म्हणून हल्ली सोडतही नव्हते. आता तू सोड. पोटभर वास घे आणि लगेच परत बांध, थोडा बाळासाठी राहू दे. त्याला म्हणावं, हे तुझे आजोबा, आणि समुद्राला असा वास यायचा.

वाट बघणारी, तुझीच
आई