सोळा किलो गव्हाची लाज

तीर्थरूप दादा,

धाकट्या बहिणीनं तुझ्या पायांवर डोकं ठेवलं असं समज आणि लगेच उचललं असंही समज, कारण हल्ली मी वाकले की उठवायला माणूस लागतं. तुझा गुडघा कसा आहे? वहिनीचा घसा बसला होता, तो उठला का? (उठला असणारच. परवा वारा तुमच्या बाजूचा होता, तेव्हा मला शंका आली होती.) आम्ही सगळे खुशाल आहोत. हे वाक्य पत्रात लिहायचंच असतं म्हणून लिहिलं आहे, त्यावर फार भरवसा ठेवू नकोस. अक्षर माझं आहे, वाचताना ओळीओळीला नावं ठेवू नकोस. नातीकडून लिहून घेतलं असतं, पण जे सांगायचं आहे ते तिला कळायला नको, म्हणून माझी तिसरीपर्यंतची शाळा कामाला लावली आहे.

यंदा गव्हावर तांबेरा पडला, हे तू ऐकलंच असशील. पानाला बोट लावलं की विटेची पूड लागावी तसं बोट लाल. कुणाचंच शेत सुटलं नाही. पण आम्ही सगळे निवांत होतो, कारण सरकारच्या योजनेत सगळ्यांनी पिकाचा विमा उतरवला होता. आता त्याची गंमत ऐक. प्रत्येकाचं शेत कुणी बघत बसत नाही. आमची अकरा गावं धरून एक गट केला आहे. त्यात कंप्युटर चार शेतं निवडतो, तिथला एकेक तुकडा दोरी लावून कापतात, मळतात, वजन करतात आणि त्या चार वजनांवरून अकरा गावांचं नशीब ठरतं. पीक कमी निघालं तर सगळ्यांना भरपाई, बरं निघालं तर कुणालाच नाही. शितावरून भाताची परीक्षा म्हणतात ना, तसं. आणि त्या चार शितांतलं एक शीत निघालं माझं शेत. जन्मात कुठल्या सोडतीत मला साधी पिशवी लागली नाही, हे मात्र लागलं.

कापणीला सरकारकडून एक पोरगी आली. तिला सगळे मोजणीवाली म्हणतात. स्कूटरवर टेप, दोरी, चार खुंट्या आणि तराजू. कामाला इतकी चोख की दोरीच्या बाहेर मुळं असलेली मूठभर ताटं तिनं बाजूला काढली आणि मला म्हणाली, आजी, ही तुमची, सरकारची नाहीत. मला तेव्हाच ती आवडली होती, हे मुद्दाम लिहिते, पुढचं वाचून तुला खरं वाटणार नाही म्हणून. बघायला सगळं गाव आलं होतं आणि सगळ्यांत पुढे बांधावरची. (तुला ठाऊक आहे कोण. तिच्या आणि माझ्या शेतात एक बांध आहे आणि चाळीस वर्षं आम्ही एकमेकींशी कमी आणि एकमेकींबद्दल जास्त बोलतो.) तिनं ताडपत्रीवरचा माझा मळलेला ढीग बघितला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाली, "अगं पोरी, एवढा मोठा तराजू कशाला आणलास? चिमटीत मावेल की!" लोक हसले. माझी सून तोंड फिरवून हसली. पाठ हलते ना, दादा, हसताना. पाठ कुणाला लपवता येत नाही.

तिचा स्वतःचा गहू काय मोठा उभा होता? तोही लालच. पण लोकांनी ढीग बघितला होता तो माझा.

तेवढ्यात मोजणीवालीचा फोन वाजला. आमच्या खळ्यात आवाज नीट येत नाही म्हणून ती रस्त्याकडे गेली, आणि बाकीचे पाणी प्यायला पंपाच्या सावलीत. खळं घराच्या मागंच. मी आत गेले, कोठीतले मागच्या सालच्या गव्हाचे दोन डबे आणले, ढिगावर ओतले आणि हातानं कालवले. दादा, हाताला कळतं रे. यंदाचा दाणा पोचट, हलका. मागच्या सालचा भरलेला. हात म्हणत होता, बाई, काय करतेस हे. मी हाताला म्हटलं, तू गप बस. अकरा गावं माझ्या डोक्यात नव्हती, खरंच सांगते. एकच तोंड होतं आणि ते बंद करायचं होतं.

वजन साडेसोळा किलो भरलं. मोजणीवालीनं दोनदा केलं, तराजू झटकून पुन्हा केलं. बांधावरचीचं तोंड बंद झालं. खोटं कशाला बोलू, तो घास गोड लागला. दीड मिनिट पुरला. संध्याकाळी सून कोठीत गेली, दोन रिकामे डबे बघितले, त्यांना झाकणं लावली आणि बाहेर आली. भांडली असती तर मी जिंकले असते. तिनं कणीक मळायला घेतली.

पुढे तर मला बघायला मोठे साहेब आले. रोगातही उत्पादकता टिकवली म्हणून मांडवात खुर्चीवर बसवलं, फवारणीचा पंप दिला आणि चार शब्द बोला म्हणाले. आता काय बोलणार? गहू डब्यात पिकवला म्हणू? मी म्हटलं, रोज सकाळी शेतात जावं आणि पिकाला दोन शब्द सुनवावे. एका साहेबांनी ते वहीत उतरवून घेतलं. दुसऱ्या दिवशी पलीकडच्या गावचे दोन शहाणे शेतात उभे राहून गव्हाला शिव्या देताना लोकांनी बघितले.

मग याद्या लागल्या. बाकीच्या तीन शेतांत पाच-पाच, सहा-सहा किलो निघाले होते, पण माझ्या साडेसोळांनी सगळ्यांना वर ओढलं. अकरा गावांत कुणालाच भरपाई नाही. आणि लोक मला काही म्हणत नाहीत, दादा! किराणावाला म्हणतो, आजी, तुमच्यासारखे चार जण असते तर गाव सुधारलं असतं. मला काय म्हणतील, मी तर कष्टाळू ना. सगळा राग त्या पोरीवर. म्हणे तिनं विमावाल्यांचे पैसे खाल्ले आणि वजन वाढवून लिहिलं. तिच्या स्कूटरची हवा सोडली, तिला कुणी प्यायला पाणी देईना. पंधरा दिवसांनी चौकशी आहे, तिची नोकरी जाईल म्हणतात. परवा दारावरून गेली, तर मला बघून थांबली आणि हसून म्हणाली, आजी, आत येत नाही; एवढा चांगला गहू आला तुमचा, माझ्यामुळे तुमचं नाव नको खराब व्हायला. मी पाणी द्यायचंसुद्धा विसरले. आत येऊन भिंतीकडे तोंड करून बसले. सून म्हणाली, काय झालं? मी म्हटलं, कंबर. ती म्हणाली, हो, कंबरच असणार.

बाकी सगळं ठीक. गुडघ्याला शेक देत जा. वहिनीला नमस्कार, मुलांना आशीर्वाद, आणि हे पत्र वाचून झालं की चुलीत घाल.

तुझी,
न शहाणी झालेली धाकटी

ता. क. गुडघ्याची चौकशी करायला एवढं लिहीत नाही, हे तू ओळखलंच असशील. तू जन्मभर कचेरीत अर्ज लिहिलेस. मला एक लिहून पाठव: पोरीचा दोष नाही, दोन डबे मी ओतले. फक्त 'चोरी' आणि 'खोटेपणा' हे शब्द घालू नकोस. तुझ्या अर्जांत कधीच कुणाचा दोष नसायचा, सगळं आपोआप घडलेलं असायचं. तसं काहीतरी बसव.

दुसरी ता. क. (दुसऱ्या दिवशी) अर्ज राहू दे. त्यात आपोआप काही बसेना, रात्रभर मीच जुळवून बघितलं. सकाळी कचेरीत जाऊन तोंडानंच सांगितलं. आणि ऐक, कुणी विश्वास ठेवला नाही! साहेब म्हणाले, आजी, तुमचं मन मोठं आहे, पोरीला वाचवायला स्वतःवर घेताय. खोटं केलं तेव्हा पंप दिला, खरं बोलले तर पाण्याचा पेला दिला आणि उन्हाचं नका फिरू म्हणाले. तिथंच बाकावर बसलेली मोजणीवाली मात्र उठून उभी राहिली. माझ्याकडे बघत राहिली. शेवटी साहेब म्हणाले, शेजारच्या शेतकऱ्यानं लिहून दिलं की तुमचं उभं पीक खरंच वाईट होतं, तर हे वजन रद्द करून बघू. माझ्या शेताच्या एका बाजूला रस्ता आहे. दुसऱ्या बाजूला कोण आहे, ते वर लिहिलंच आहे. तेव्हा दादा, तू ये. तुला ती मान देते. (का देते, देव जाणे.) तू तिच्याकडे जाऊन माझ्या वतीनं माग. मी नाही जाणार. मेले तरी नाही.

तिसरी ता. क. (आज) येऊ नकोस, मी जाऊन आले. मला दारातच उभं केलं. सगळं सांगितलं, डब्यांसकट. मला म्हणाली, पुन्हा सांग. पुन्हा सांगितलं. म्हणाली, तो 'वाईट' शब्द परत एकदा. मी म्हटलं, माझा गहू वाईट होता. मग तिनं चष्मा शोधला, कागद घेतला आणि बसून स्वतःच्या हातानं लिहिलं. वजन रद्द होईल असं कचेरीतला कारकून म्हणतो. पोरीचं काय ते चौकशीत कळेल, पण तिनं आज माझ्या घरी पाणी मागून घेतलं. तो कागद मात्र सुनेनं मला वाचून दाखवला, दोनदा, आणि तेव्हापासून मला जेवण जात नाही. बांधावरचीनं लिहिलं आहे: यंदा रोगानं हिचं पीक पार गेलं, मी डोळ्यांनी बघितलं; नाहीतर हिच्यासारखा गहू चाळीस वर्षांत मला एकदाही जमलेला नाही. मेलीनं हे त्या दिवशी तोंडानं म्हटलं असतं, तर मी कोठीत कशाला गेले असते?