कासाराच्या हातातला हात

उंब्रज, भोगी, १९७५

आज कासार आला. संक्रांतीच्या बांगड्या भरायला सासूबाईंनी मला पुढं बसवलं. म्हातारा म्हणाला, "वैनी, हात सैल सोडा. एवढा आवळलासा तर काकणं फुटत्याल." सोडला, अन् डोळ्यांत पाणीच आलं. वर्षभरात कुणी माझा हात धरलाच नव्हता.

हे पलटणीतून सुट्टीवर येऊन आठवडा झाला. पण घर पाहुण्यांनी भरलेलं. हे सोप्यात निजतात, मी आत बायकांत.

तिन्हीसांजेला हे पाणी प्यायला आत आले. कुणी नव्हतं. माझं मनगट धरून हळूच म्हणाले, "लय दुखलं का गं?" इतकं मऊ कधी बोलले नव्हते. आणि मी काय केलं? बांगड्या वाजतील, सासूबाई ऐकतील, म्हणून हात आवळून ओढून घेतला. तांब्या ठेवून हे निघून गेले. जेवताना वर बघितलंसुद्धा नाही.

मला हे नकोसे झालेत, असं वाटलं असेल का यांना? परक्या म्हाताऱ्यापाशी हात सैल सोडता आला, मग यांच्यापाशी का नाही? कसं सांगू आता? परवा पहाटेच्या गाडीनं चाललेत.

लिहिताना डावा हात मांडीवर पडलाय. अगदी सैल.